काटसूरचा अनाथ मुलगा रिद्धपूरचा राऊळ कसा झाला? सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने गोळा केलेली माहिती आजही कामी येते

मोर्शी : तालुक्यातलं रिद्धपूर आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. मराठी भाषेचं विद्यापीठ इथे सुरू झालं, २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्र या ग्रंथाचं नाव टीव्हीवर आणि मोबाईलवर पुन्हा पुन्हा येऊ लागलं. हा ग्रंथ लिहिला गेला तो याच गावात. पण रिद्धपूरला हे मोठेपण ज्यांच्यामुळे आलं, ते गोविंदप्रभू मुळात रिद्धपूरचे नव्हतेच. ते जन्मले शेजारच्या काटसूर गावात, आणि रिद्धपुरात आले ते आई-बाप नसलेलं पोरगं म्हणून.

आज राजमठात डोकं टेकवायला देशभरातून माणसं येतात. त्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. जन्म कोणत्या गावचा, बाप कोण, आई कोण, याचा माग आठशे वर्षांपूर्वीच्या एका अनाथ मुलाबद्दल लागतो, हीच मुळात नवलाची गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांना खापरपणजीचं नाव सांगता येत नाही. वडिलांकडून चार पिढ्या कशाबशा निघतात, आईकडून दोन निघाल्या तरी पुष्कळ.

महानुभाव परंपरेने जपलेली माहिती अशी : गाव काटसूर, वडील अनंतनायक, आई नेमाइसा, घर काण्व शाखेच्या ब्राह्मणाचं. मुलाचं नाव गुंडम. जन्माचं साल परंपरा शके ११०९ धरते, म्हणजे इसवी सन ११८७. मुलगा लहान असतानाच आई-वडील वारले. मग मामा आणि मावशीने त्याला उचललं आणि रिद्धपूरला आणलं. पुढची सगळी हयात याच गावात गेली.

एवढीच माहिती. पाच-सहा ओळींत संपते. पण ही पाच-सहा ओळींची माहिती कशी टिकली, ती गोष्ट गोविंदप्रभूंच्या आयुष्याइतकीच मोठी आहे.

त्या काळात जन्माची नोंद कुठे होत होती? कुठेच नाही. ग्रामपंचायत नव्हती, दाखला नव्हता. नाव लिहून ठेवायचं ते राजाच्या घरच्यांचं. याचा पुरावाही रिद्धपुरातच सापडला आहे. गोविंदप्रभूंच्या आधी सात-आठशे वर्षं, पाचव्या शतकात, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने दिलेल्या दानाचा ताम्रपट याच गावात मिळाला. राणीने हे दान रामगिरीवरून, म्हणजे आजच्या रामटेकवरून दिलं. त्या तांब्याच्या पत्र्यावर तिचा बाप कोण, तर गुप्तांचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त, आणि आई कोण, तर नागकुळातली कुबेरनागा, हे स्पष्ट कोरलेलं आहे. राजाची लेक असल्यामुळे तिच्या आईचं नाव तांब्यावर आलं. काटसूरच्या नेमाइसेचं नाव तांब्यावर कोण कोरणार? ते टिकलं ते माणसांच्या तोंडी, आणि नंतर पोथीत.

पोथीत ते आणण्याचं श्रेय म्हाइंभटांचं. हे सराळे गावचे. मोठे विद्वान, शास्त्रार्थात कोणाला न ऐकणारे. चक्रधर स्वामींशी वाद घालायला गेले आणि त्यांचेच शिष्य होऊन बसले. चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्यांसोबत रिद्धपूरला आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. स्वामींची आठवण सगळ्यांना सतावत होती. तेव्हा म्हाइंभटांनी ठरवलं की जे जे कोणाला आठवतं ते सगळं लिहून काढायचं. रिद्धपूरच्या वाजेश्वरीत बसून त्यांनी हे काम केलं. नागदेवाचार्य सांगायचे, तपासायचे, म्हाइंभट लिहायचे.

पण एका माणसाच्या आठवणीवर ते थांबले नाहीत. ज्याने जे डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याकडे जाऊन ते विचारलं. गावोगाव फिरले. बाई असो, माणूस असो, शिकलेला असो की अडाणी, ज्याच्याजवळ आठवण आहे त्याच्या दारात गेले. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर एक खरी मानून दुसरी फेकून दिली नाही, दोन्ही लिहून ठेवल्या. अशा वेगळ्या पाठांना महानुभाव ग्रंथांत वासना म्हणतात. आज कोर्टात साक्षीदाराचं म्हणणं जसं त्याच्याच नावाने लिहून घेतात, तसंच हे. तेराव्या शतकात, तेही साध्या बोलीत, असं काम कोणी केलं असेल यावर अभ्यासकांनाही सुरुवातीला विश्वास बसत नव्हता.

गोविंदप्रभूंचं निधन झालं १२८५ ते १२८८ च्या दरम्यान. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा गोळा केल्या. तीनशेच्या वर प्रसंग जमले. हाच तो गोविंदप्रभू चरित्र नावाचा ग्रंथ. रिद्धपूरलीळा किंवा ऋद्धिपूरचरित्र या नावांनीही तो ओळखला जातो.

आता इथे एक हिशेब करून पाहा. जन्म ११८७ चा धरला आणि माहिती गोळा झाली १२८८ च्या सुमारास, तर मधे शंभर वर्षं गेली. काटसूरच्या घरात त्या दिवशी पाळणा हललेला पाहिलेलं एकही माणूस हयात असणं शक्य नव्हतं. म्हणजे जन्माबद्दल, आई-बापाबद्दल जे हाती लागलं ते ऐकीव, एका पिढीने दुसरीला सांगितलेलं. उलट म्हातारपणीच्या प्रसंगांची माहिती देणारे शिष्य रोज समोर बसलेले. म्हणून या चरित्रात बाळपण थोडक्यात उरकतं आणि उत्तर आयुष्य तपशिलाने येतं. कोणाच्याही घराण्याचा शोध घ्या, हाच अनुभव येतो. आज्याच्या म्हातारपणाच्या शंभर गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात, तो जन्मला कुठे हे कोणी सांगत नाही.

गुंडम रिद्धपुरात वाढले, शिकले. पुढे द्वारावतीला, म्हणजे द्वारकेला गेले. तिथे चांगदेव राऊळ राहत. हे चांगदेव म्हणजे मुक्ताबाईच्या गोष्टीतले चांगदेव नव्हेत, नाव सारखं असल्यामुळे गल्लत होते. हे चांगदेव राऊळ द्वारकेच्या रस्त्यांवर खराटा घेऊन झाडायचे, केर सुपात भरून गोमतीत टाकायचे. त्यांनी गुंडमांच्या डोक्यावर सूप ठेवून खराटा मारला आणि त्यातून आपली शक्ती त्यांना दिली, असं परंपरा सांगते. मंत्र नाही, यज्ञ नाही, झाडू आणि सूप. महानुभाव पंथ ज्यांना पाच कृष्ण म्हणतो त्यात श्रीकृष्ण, दत्तात्रेय, हे चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी येतात.

द्वारकेहून परत आलेले गुंडम पहिल्यासारखे राहिले नाहीत. लोकांच्या नजरेला ते वेडे दिसत. कोणाच्याही घरात शिरायचे, चुलीजवळ जायचे, असेल ते खायचे. पोरांत खेळायचे. एकटेच बोलायचे. देवळात जाऊन देवाशीच भांडल्यासारखं करायचं. कधी रागवायचे, लगेच हसायचे. चरित्रातले बरेच प्रसंग असेच आहेत, वाचताना हसू येतं. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच. मोठे संत म्हटले की प्रवचन आलंच असं आपल्याला वाटतं, इथे तसं काही सापडत नाही.

पण त्यांच्या हिंडण्यात एक गोष्ट होती. ब्राह्मणाच्या घरी जसे जायचे तसेच मातंगांच्या घरीही जायचे. दोन्हीकडे सारखंच खायचे. तेराव्या शतकातल्या गावात याचा अर्थ काय होता, हे वेगळं सांगायची गरज नाही. मातंगांना पाणी मिळत नव्हतं. ते राऊळांकडे आले. राऊळांनी जागा दाखवली, तिथे खणलं आणि पाणी लागलं, असा प्रसंग चरित्रात आहे. वऱ्हाडात पाण्याची किंमत काय असते ते मोर्शीच्या माणसाला ठाऊक आहे. पाण्यावर कोणाचा हक्क आणि कोणाचा नाही, हा झगडा तेव्हाही होता.

हळूहळू गावाला या वेड्या माणसाची सवय झाली. मग माया जडली. मग श्रद्धा बसली. अडचण आली की राऊळांकडे जायचं, आजार आला की राऊळांना आठवायचं, असं सुरू झालं. राऊळ हा मूळचा मानाचा शब्द, राजाच्या किंवा देवाच्या घराशी जोडलेला. तो गुंडमांच्या नावाला चिकटला. रिद्धपूरची माणसं त्यांना आपली माय आणि आपला बाप म्हणू लागली. ज्याचे माय-बाप काटसुरात गेले आणि जो मावशीच्या पदराखाली वाढला, त्यालाच गावाने माय-बाप केलं. म्हाइंभटांनी हे जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यावर स्वतःचं काही भाष्य केलं नाही.

चक्रधर स्वामी रिद्धपूरला आले ते याच काळात. त्यांच्या जन्माचा माग तर आणखी अवघड. ते मूळचे गुजरातेतल्या भडोचचे हरिपाळदेव, प्रधान विशाळदेवांचे आणि माल्हणदेवींचे पुत्र. रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडून निघाले. वाटेत रिद्धपुरात गोविंदप्रभूंची भेट झाली आणि पुढचं आयुष्यच बदललं. चक्रधर हे नावही गोविंदप्रभूंनीच दिलं असं मानतात. परंपरेप्रमाणे तर हरिपाळदेव वारले आणि त्या देहात द्वारकेच्या चांगदेव राऊळांनी प्रवेश केला. म्हणजे देहाचे आई-बाप एक आणि आत आलेल्याची कूळकथा दुसरी. वंशावळ काढणाऱ्याने इथे हात टेकावे अशीच ही गोष्ट, पण भाविकांसाठी तीच खरी ओळख आहे.

गोविंदप्रभूंच्या उतारवयात रिद्धपुरात शिष्यांची मोठी मंडळी जमली होती. त्यात महदाइसा होत्या. महदंबा म्हणूनही त्या ओळखल्या जातात. एकदा गोविंदप्रभूंच्या मनात आलं की आपलं लग्न लागलं पाहिजे. वय झालेलं, आयुष्यभर संसार केला नाही, आणि आता लग्नाची हौस! शिष्यांनी ती हौस पुरवायचं ठरवलं. लग्न म्हटलं की गाणी पाहिजेत. गाण्याचं काम महदाइसांकडे आलं आणि त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी. मराठीतल्या पहिल्या कवयित्री म्हणून महदंबेचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, त्या कवितेचा जन्म असा मोर्शी तालुक्यातल्या एका लुटुपुटीच्या लग्नात झाला. कवितेच्या जन्माचं गाव इतकं नेमकं सांगता येणं हेही म्हाइंभटांच्या आणि त्यांच्यानंतरच्या लिहिणाऱ्यांच्या शिस्तीमुळेच.

गोविंदप्रभूंनी देह ठेवला तो रिद्धपुरातच. परंपरेचं जन्मसाल धरलं तर वय शंभरच्या घरात जातं. ते गेल्यावर नागदेवाचार्य आणि मंडळी गावातून निघाली. ज्यांच्यासाठी थांबले होते तेच उरले नव्हते.

पुढे काळ कठीण आला. देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वाऱ्या झाल्या, यादवांचं राज्य बुडालं. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेण्यात आली. हिराइसा नावाच्या बाईंना ती पाठ होती. त्यांच्या आठवणीवरून झालेला पाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गुरूंनी कुठे मुक्काम केला, कोणत्या ओट्यावर बसले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, हे लिहिणारी स्थानपोथी नावाची वेगळी पोथीही तयार झाली. जुन्या गावांची ओळख पटवायला ती फार उपयोगी पडते.

नंतर महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. बाहेरच्याला एक अक्षर कळू नये अशी सोय. पोथ्या वाचल्या, पण पाचशे-सहाशे वर्षं त्या पंथाच्या मठांतच राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लिपीची किल्ली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हाती लागली आणि मराठीचा सातशे वर्षांपूर्वीचा खजिना उघडला. मलकापूरकडचे डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्य या कामाला दिलं. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. गोविंदप्रभू चरित्राचं संपादन त्यांनीच केलं, आणि लीळाचरित्राची त्यांची मोठी आवृत्ती १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली. अमेरिकेच्या अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभू चरित्र इंग्रजीत नेलं, ते १९८४ साली ऑक्सफर्डने छापलं. त्या पुस्तकाच्या नावातच रिद्धपूर आहे.

तरी तारखांचा घोळ राहतोच. जुन्या ग्रंथांत साल बरेचदा आकड्यात नसतं, संवत्सराच्या नावाने असतं. संवत्सरं साठ, आणि दर साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभव संवत्सर लागलं होतं, ते पुन्हा २०४७ ला येईल. मागे जाऊन मोजलं तर १२०७ ला प्रभव आणि १२६७ लाही प्रभव. नुसतं नाव मिळालं तर साठ वर्षांची चूक सहज होते. मग तेव्हा देवगिरीला राजा कोण होता, कोणता शिष्य हयात होता, यावरून साल ठरवावं लागतं. गोविंदप्रभूंच्या निधनाच्या सालात अभ्यासकांचा दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. इतक्या जुन्या माणसाच्या बाबतीत हा फरक फार नाही.

नावांचाही गोंधळ आहे. गुंडम राऊळ, गोविंदप्रभू, श्रीप्रभू ही एकाच माणसाची नावं. गोसावी हा शब्द एका ग्रंथात चक्रधर स्वामींसाठी येतो, दुसऱ्यात गोविंदप्रभूंसाठी. गाव तर ऋद्धिपूर, रिधपूर, रितपूर, रिद्धपूर अशा किती तरी रूपांनी कागदावर भेटतं. एकाच रूपाने शोधणाऱ्याच्या हाती अर्धंच लागतं.

हे सगळं मोर्शीच्या माणसाला नवीन वाटू नये. जातपडताळणीसाठी जुना पुरावा लागतो तेव्हा तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये याच खेळात लोक उतरतात. वऱ्हाडात इंग्रजांच्या वेळची कोतवाल बुकं आहेत. गावात जन्म झाला, मृत्यू झाला की त्याची नोंद त्यात व्हायची. नक्कल हाती आली की दिसतं की बऱ्याच नोंदींत मुलाचं नावच नाही. बापाचं नाव, जात आणि पुढे मुलगा झाला एवढंच. पणजाचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक, सातबाऱ्यावर दुसरं, कोतवाल बुकात तिसरं. आईचं नाव शोधायचं तर आणखी कठीण. तिकडे स्कॉटलंडसारख्या देशातही सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८५५ पासून. त्याआधीचा माणूस शोधायचा तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळाव्या लागतात, आणि त्यातल्या कित्येक वह्या आता नाहीत. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. घरातलं कोणी कधी गेलं असेल तर त्यात आज्या-पणज्याची नावं सापडतात.

फरक एकच. कोतवाल बुक लिहिणाऱ्याला सरकारने सांगितलं होतं. म्हाइंभटांना कोणी सांगितलं नव्हतं. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल तर तिच्या आईचं नाव, माहेरचं गाव आणि तिला आठवणारं सगळ्यात जुनं माणूस कोण, हे मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवायला आज पाच मिनिटं लागतात. म्हाइंभटांना एकेका लीळेसाठी गावोगाव पायी जावं लागलं.

रिद्धपूरला जाणाऱ्यांनी राजमठासोबत वाजेश्वरीचं ठिकाणही पाहून यावं.